मी आणि मी

फॉर्म वीस मिनिटं वाट बघतो.
तेवढ्यात काही लिहिलं नाही तर मिटतो,
की पुन्हा पहिलं पान: आडनाव.
वीस मिनिटांत मी एक घडी उलगडते,
म्हणजे ओलसर टिपकागद तिच्यावर ठेवते
आणि उलगडायचं का, ते तिचं तिला ठरवू देते.

आडनाव रणनवरे. नाव इंदुमती.
याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखल्या गेलात?
हो. दहावीच्या दाखल्यावर इंदुमतीबेन.
शाळेतले कारकून रमणभाई
मुलींना बेन लावायचे, मुलग्यांना भाई,
आदर एकदाच, पण पक्क्या शाईत.
दांडिया बाजारच्या वकिलाकडून
स्टॅम्पपेपरवर लिहून आणलंय आता
की मी आणि मी
एकच बाई आहे.

मग नाहीची पानं.
हेर आहात? नाही.
शस्त्रांचा व्यापार? नाही.
कत्तलीत सहभाग? नाही.
नाही नाही करत जाताना उगीच आठवलं,
विश्वामित्री चढली त्या वर्षी
तळघरातून दप्तरं वर काढताना
एक वही मी चिखलात सोडून दिली.
हात भरले होते.
तिच्यासाठी रकाना नाही.

फोटो रावपुऱ्यात. दोन इंच बाय दोन इंच,
चष्मा काढून, मागे पांढरा पडदा.
जयेश म्हणाला, हसू नका मॅडम.
आणि असं पण बघू नका.

ठसे अहमदाबादला. काचेवर चार बोटं ठेवली.
मशीन म्हणालं, परत.
बावीस वर्षं गव्हाची खळ, स्पिरिट, हाडाची पट्टी,
रेषा कधी गेल्या कळलं नाही.
काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली,
बेन, बोटं जरा कपाळाला घासा.
घासली. देवापुढे करतात तशी, पण उलट्या क्रमाने.
चौथ्यांदा मी उमटले.

कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षं
मायदेशी राहणं बंधनकारक.
हे मी जयसिंगना मोठ्याने वाचून दाखवलं.
ते वाटाणे सोलत होते.
म्हणजे सरकार तुला घरी बसवणार?
आपलं नाही, त्यांचं सरकार.
खूप हसले.
मग सालं गोळा करत म्हणाले,
आणि तिसऱ्या वर्षी?

मुंबईत, काचेपलीकडे, कोवळा साहेब,
गालावर शेव्हिंगचा ताजा ओरखडा.
काय करता?
फाटलेला कागद जोडते.
त्यासाठी इतक्या लांब?
तिकडे भिजलेली पुस्तकं आधी गोठवतात,
मग वाळवतात, पानं चिकटत नाहीत.
आमच्या नदीला पूर येतो.
हे शेवटचं वाक्य फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

परत याल याला आधार काय?
घरपट्टीची पावती होती, बँकेची ठेव,
संस्थेचं पत्र, गोल शिक्क्यासह.
सगळं क्रमाने लावलं होतं, टाचणी न वापरता.
ते काही त्याने मागितलं नाही.
मला सांगायचं होतं,
वडोदऱ्याला माझ्या टेबलावर, वजनाखाली,
मोडीतला एक कागद आहे,
कुण्या विहिरीच्या गाळाचा खर्च,
साडेचार रुपये आणि दोन पायल्या ज्वारी.
एक कोपरा जोडलाय. दुसरा राहिलाय.
मी म्हटलं, येईन.
तो टाइप करत राहिला.
पासपोर्ट त्याच्याच बाजूला राहिला.

सकाळी स्टेशनवरून थेट कामावर गेले.
वजन उचललं. जोड धरला होता.
नखाने हलकेच तपासला,
कारण खळ अशी लावायची असते
की धरून ठेवेल,
आणि पुढे कुणाला सोडवावंसं वाटलं
तर थोड्या पाण्याने सुटेल,
कागदाला न दुखवता.
नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.
लिहून घेतात. विसरतात.

दुसऱ्या कोपऱ्यासाठी खळ शिजवायला ठेवली.
फोन उताणा ठेवला, दिसेल असा.
ढवळताना हात थांबवायचा नसतो.