शकदक शकेउक

माझगाव कोर्टाच्या मागल्या फाटकासमोर आमचा गाळा.
गाळा कसला, झेरॉक्सवाल्याने पोटभाड्याने दिलेली फळी.
फळीवर दोन कॉम्प्युटर मावतात,
कीबोर्ड एकच.
दुसरा ठेवला तर स्टॅम्पाची पेटी मांडीवर घ्यावी लागते.
पुरवमामांनी ती सहा महिने घेतली,
मग मीच लॅमिंग्टन रोडवरून साडेतीनशेला
ही काळी डबी आणली.
मधोमध बटण. हिरवा दिवा, मामांचं मशीन.
लाल, माझं.
टिक.

त्यांचं चालू होताना खाकरतं.
पोटात सत्तावीस वर्षांची भाडेपत्रं, वारसाचे अर्ज,
नावातले बदल,
सगळं टाइपरायटरच्या मांडणीत.
माझ्याकडे नवी मांडणी.
कळा त्याच, अक्षरं वेगळी.
ते जिथे काना देतात तिथे माझ्याकडे क उमटतो,
त्यांचा म माझा काना,
म्हणजे त्यांनी ‘मामा’ लिहिलं
तर माझ्या पडद्यावर नुसते काने आणि क.
र तेवढा दोन्हीकडे र.
शिवाय पहिली वेलांटी, एक मात्रा.
एवढ्यावर आमचं भागतं.

“झालं?”
“एक ओळ.”
“वकीलसाहेब उभे आहेत.”
“असू देत, त्यांना बसायची सवय नाही.”
मग कीबोर्ड माझ्याकडे सरकतो,
स्पेसबारवर तपकिरीची भुकटी,
आणि कळा कोमट,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारख्या.

मामा पडद्याकडे बघत नाहीत.
मान कागदात, बोटं आपापली.
“चूक झाली की बोटालाच कळतं,” म्हणतात.
मी ते कसब समजत होते.

मंगळवारी टोनर आणायला गेले होते.
आले तर मामा खानावळीत,
डबीवर लाल दिवा,
माझ्या पडद्यावर पाऊण पान:
शकदक शकेउक
आणि पुढेही असंच, कुठल्या तरी
न जन्मलेल्या भाषेत.

आधी हसले.
मग बोटं फळीवर ठेवली आणि
त्यांच्या वाटेने उलट चालत गेले.
श म्हणजे त्यांचा ड.
क, काना. द, व.
डावा.
पुढचा शब्द डोळा.

उजव्याचं दुसऱ्या ओळीत होतं.

वसईच्या बहिणीला पत्र होतं.
डाव्याने आता नुसता पांढरा चौकोन,
उजव्याने रेघ कळते, रेघेतलं अक्षर नाही.
कागद नाकाशी धरला की निभतं.
तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्याची,
पैशांचं बघतो.
आणि शेवटाला
गकेरपबक,
पोरीला,
सांगू नकोस.
ती एकच मशीन ठेवील,
आणि तिचं काही चुकणार नाही.

‘पोरीला’मधला र
जसाच्या तसा उमटला होता.

टिक. हिरवा.
मी त्यांच्या मशीनवर त्यांचं पत्र लिहायला बसले.
त्यांच्या मांडणीत माझी बोटं पाहुणी,
दर शब्दाला दार विचारत जाणारी.
एक माणूस नोटरीचा पत्ता विचारून गेला,
मी मानेनेच दाखवला.
“सांगू नकोस”पाशी ळ लागत नाही, कठीण काहीच नाही,
तरी तिथेच दोनदा चुकले.
पान संपवलं. माझ्याकडचं पुसलं.

मामा हात पुसत आले.
बसले, छापायची कळ दाबली,
कागद आला तो न वाचता
चार घड्या घालून खिशात.
मग सवयीने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले
आणि ठेवलेलेच राहिले.

कळा अजून कोमट होत्या.

“टोनर मिळाला का गं?” ते म्हणाले,
पडद्याकडे बघत.