घट

बोरखडीत कोणाचं कसं चाललंय
ते मला डब्याच्या वजनावरून कळतं.
काट्यावर ठेवायचीही गरज नाही,
कडी उचलली की मनगट सांगतं.

सोळा वर्षं झाली गिरणीला.
पहिल्या वर्षी किलोला दीड रुपया होता
आणि ज्वारी यायची टोपल्यात, डोक्यावरून,
वर लुगड्याचा तुकडा झाकून.
आता सहा रुपये, आणि येतो तो रेशनचा गहू.
पंचफुला म्हणते,
"गहू फुकट अन् दयनाले सहा रुपये,
हे कोन्तं गनित हाये, भाऊ?"
मी पट्टा चढवतो. मोटार सुरू झाली
की उत्तर द्यावं लागत नाही,
या धंद्याचा तेवढा एक फायदा.

पैसा आलाच नाही, असं म्हणणार नाही.
निंदणाची मजुरी शंभरावरून तीनशेवर गेली.
रत्नमालाचा पोरगा बुटीबोरीत कंपनीत लागला.
बायांच्या खात्यात पंधराशे पडतात;
पडले का ते बघायला आर्वीला जायचं,
जाऊन-येऊन साठ रुपये.
पण डबा दहा किलोचा होता तो पाचाचा झाला,
पाचाचा अडीचचा.
"एकदमच आन ना, बाई," म्हटलं
तर हसून म्हणते, "एकदम कुठून आनू?"

रत्नमालानं तर घरघंटी घेतली, हप्त्यावर.
गावभर पेढे वाटले, मलाही दिला.
मी तो खाल्ला, आणि एक गिऱ्हाईक गेलं म्हणून
वहीत तिच्या नावावर काट मारली.
दोन महिन्यांनी तीच दारात, डबा घेऊन.
लाइटचं बिल बघून घरघंटीवर चादर टाकली होती.
हप्ता सुरू, घंटी बंद.

समोर ढोमण्याचं किराणा दुकान.
बिस्किटाचा पुडा अजून पाचचाच आहे,
आतली बिस्किटं लेकरं मोजतात.
तेल पुडीत, शाम्पू पुडीत, चहापत्ती पुडीत;
महिना आता पुडीपुडीनं विकत मिळतो.
पूर्वी मीठमिरची रोख होती, लग्नाचं उधार.
आता मीठमिरची उधार, रिचार्ज रोख,
आणि शाळेच्या व्हॅनचे सातशे,
व्हॅन नाल्यापलीकडे चिखलात बसून राहिली तरी.

परवा टेंभुर्णे आडनावाची पोरगी आली,
स्कूटी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
घराघरांचा खर्च विचारत फिरत होती.
पंचफुला गिरणीच्या पायरीवरच बसली, दळण होईस्तोवर.
गेल्या तीस दिवसांत दूध?
"चहापुरतं."
अंडी?
"पाव्हने आले तवा."
गेल्या वर्षभरात चपला?
"पोराच्या. माह्या त्याच हायेत."
औषधं?
"मोजलं नाई. मोजाचं भेव वाटते."
आणि सगळं जाऊन, महिन्याअखेर हातात किती उरतं?
पंचफुलानं जरा विचार केला.
"उरते ना. दिवस उरतात.
पैसे सरले का आठ दिवस उरतात, कधी दहा."
पोरीचं बोट टॅबवर थांबलं.
तिथं फक्त रुपये लिहिता येत होते.

मी विचारलं, तुला काय देतात गं?
"फॉर्ममागं पैसे. पेट्रोल आपलं."
आणि टॅब ओढणीत गुंडाळून ती पुढच्या घराकडे गेली.

पाच किलो टाकले की पाच किलो निघत नाहीत.
हे सोळा वर्षं समजावतोय मी लोकांना:
थोडं पाटात अडकतं, थोडं नळीच्या कापडात,
थोडं हवेत, थोडं माझ्या भुवयांवर.
आम्ही त्याला घट म्हणतो.
कोणी चोरत नाही ती. पण जाते,
आणि ज्याचं जातं त्याला
कोणीतरी चोरल्यासारखंच वाटतं.

पंचफुलाचं पीठ झालं.
तिनं नळीचं कापड झटकलं,
एकदा, दोनदा,
मग माझ्याकडे न बघता, तिसऱ्यांदा.