थंड इंजिन

माझी निवा एकोणतीस वर्षांची.
उजवं दार दोरीने बांधलेलं, मागच्या सीटवर
ओल्या फडक्यात गुंडाळलेले चीजचे गड्डे,
अशोत्स्कहून ग्युम्रीला, आठवड्यातून तीनदा.
मार्चात ती धूर सोडू लागली.

सेरोब म्हणाला, इंजिनच नवं टाक.
बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं त्याने.
स्टेशनजवळच्या काचेच्या गॅरेजात
एक पोरगा कॉम्प्युटर घेऊन आला,
वायर कुठे खुपसायची ते वाकवाकून शोधत राहिला.
हिला तसलं भोक नाही रे, मीच सांगितलं.
तपासणीचे पैसे तरीही घेतले.
तिसऱ्याने हेडचं गॅस्केट बदललं,
पावती दिली, शिक्क्यासकट.
धूर तसाच.

दुधाने तोंड पोळलेलं. आता ताक
फुंकून प्यायचंही त्राण नव्हतं.
नवरा असता तर, असं लोक म्हणायचे.
नवरा होता तेव्हाही
गाडी ढकलायला मीच उतरायचे.

मग गेघामला गाठलं. तो शववाहिका चालवतो.
हिशेब साधा होता माझा:
ज्याला वाटेत बंद पडून चालत नाही,
त्याचा मेकॅनिक कोण, ते विचारायचं.
गेघामने सिगरेट बुटाखाली विझवली.
"माझा मेकॅनिक सोड," म्हणाला.
"तो स्वतःची निवा ज्याच्याकडे नेतो, त्याच्याकडे जा."

हंबार्झूमचं गॅरेज म्हणजे भूकंपानंतरचा
एक गंजका कंटेनर, दाराच्या जागी घोंगडी.
चावी मागितली नाही त्याने.
धूर कधी? चढाला की उताराला?
उताराला, पाय काढला की साठतो,
पुन्हा दाबला की भसकन बाहेर.
रंग?
पांढरा, मी म्हटलं.
"या थंडीत माझ्या तोंडातूनही पांढराच निघतो.
वास? गोडसर?"
नाही. कढई करपल्यासारखा.
पाणी किती घालतेस?
थेंबही नाही.
आणि तेल?
मी गप्प. महिन्याला एक डबा जात होता.

तो बराच वेळ हात पुसत राहिला.
"माहीत नाही," म्हणाला.
इतक्या दारांवर हिंडले,
हा शब्द पहिल्यांदा मिळाला, तोही फुकट.
"उद्या चालू करू नकोस. मी येतो.
रात्रभर निजलेलं इंजिन पाहिजे मला.
दुपारपर्यंत सगळीच इंजिनं शहाणी होतात."

पहिल्या बसने आला, बर्फ तुडवत,
खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल.
सायलेन्सरमागे उकिडवा बसला.
"फिरव."
मी चावी फिरवली आणि आरशात पाहिलं:
निळा.
कोंबड्यांच्या खुराड्यावरून सरकत गेला,
कोंबडा शिंकला की काय कोण जाणे,
मग विरळ, मग काहीच नाही.
रुमालावर तेलाचे बारीक ठिपके.
मला हुंगायला दिला, जसं मी गिऱ्हाइकाला
चीजचा कपचा देते, विकत घेण्याआधी.

मग प्लग काढले, दाबाचं घड्याळ लावलं,
प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेल, पुन्हा घड्याळ.
काटा होता तिथेच.
"रिंगांचा दोष नाही. तेल वरून झिरपतंय,
व्हॉल्व्हच्या टोप्यांतून. रबराच्या. आठ.
तुझ्या एका गड्ड्याहून स्वस्त."
आणि गॅस्केट? नवं आहे ना ते?
त्याने हेडच्या बोल्टावरून अंगठा फिरवला,
लाल भुकटी माझ्यासमोर धरली.
"हा गंज तुझ्या गाडीच्याच वयाचा."
मी त्या तिसऱ्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं,
तर तो म्हणाला, दहाचा पाना दे.

जुन्या टोप्या मुरंब्याच्या बाटलीत घालून दिल्या त्याने.
नख रुततं का बघ, म्हणाला. रुतलं नाही.
"चौथ्याचा दाब जरा उतरलाय.
इतक्यात घाबरू नकोस.
कधी घाबरायचं ते मी सांगेन."

ऑक्टोबर उजाडला. अजून सांगितलेलं नाही.
सकाळी गाडी सुरू करते, उतरते,
मागे जाऊन रुमाल धरते.
त्याचाच. परत द्यायचा राहिलाय.
दोनदा उकळला, ठिपके जात नाहीत.