फाइन

अ‍ॅक्रिंग्टनच्या लायब्ररीत डोरीन
फ्रँकनं जाण्याआधी नेलेलं पुस्तक परत करते,
कबुतरांच्या आजारांवरचं, अकरा आठवडे उशिरा.
फाइन, काउंटरवरची मुलगी सांगते, चार पौंड वीस.
डोरीन नाणी मोजते, चुकते, पुन्हा मोजते.

बाहेर पाऊस. तिच्या भाषेत तोही फाइनच,
माझ्या भाषेत भुरभुर:
चष्म्याला कळतो, छत्रीला नाही.

कशी आहेस, मी विचारते.
फाइन.
आणि रिकामी खुराडी न्यायला
कोण कधी येणार, ते सांगत सुटते.

किती खिसे या एका शब्दाला!
मी आपलं मराठी चाचपत राहते,
हाती लागतो नुसता दंड.

मग चर्चपाशी, उतारावर,
ती लटपटते
आणि मी तिचा दंड धरते घट्ट,
ओल्या कोटासकट.