तीनदा

पिक्चरचं नाव आता आठवत नाही.
पोस्टरवर बाईचं तोंड निळं रंगवलेलं
आणि एका डोळ्यावर चिकटवलेली
‘रोज तीन खेळ’ची पट्टी.

शनिवारी हप्ता झाला
तशाच निघालो मार्केट यार्डातून, सात जणी,
नखांच्या कडांत दिवसभर निवडलेली हळद.
रिक्षावाला म्हणाला, लग्न कुणाचं म्हणायचं?

खालच्या क्लासची तिकिटं.
पंखा एकच, तोही दुसऱ्याच कुणाला वारा घालणारा.
शेजारी जैतून,
मांडीवर भडंगाचा पुडा.

गोष्ट साधीच होती.
दुसरीचं पोर वाढवते एक बाई.
तापात उशाशी, शाळेत फाटकाशी,
बांगड्या मोडून त्याला बूट.
सात वर्षांनी खरी आई उतरते मोटारीतून,
पोर विचारतं, ही कोण?
तर बाई म्हणते,
तुझी आई रे. मी आपली कामाला होते.

कामाला होते.
तेवढ्या दोन शब्दांवर अख्खं थेटर फुटलं.
मागचे बिडीवालेसुद्धा खाकरायला लागले.
माझं तर विचारूच नका.
डोळे पुसले ते हळदीच्याच हातानं,
मग झोंबले म्हणून रडले,
रडले म्हणून परत पुसले,
कुठलं पाणी कशाचं, हिशेब लागेना.

मग गाडी सुटली.
बाई फलाटावरून निघाली,
तीनदा मागं वळली,
तीनदा व्हायोलिन वाजलं.

आणि शेजारी भडंग,
कुर्रम कुर्रम, न थांबता.
मला राग आला. खोटं कशाला बोलू,
मनात म्हणाले, हिचं काळीज गड्ड्याचं आहे,
पॉलिशच्या ढोलात घाला, झिजायचं नाही.

दारावरचे बाबासो
असल्या पिक्चरला दार उशिरा उघडायचे,
बायकांची तोंडं पुसून होईस्तोवर
कडी अडकल्याचं सोंग करत.

आयर्विन पुलावर वारा होता.
खाली कृष्णा, काळी, बिनआवाजाची.
बाकीच्या पुढं गेल्या
हिरॉइनच्या साडीचं बोलत, सांगलवाडीच्या अंगाला.
जैतून कठड्याला टेकली.
पुड्याच्या तळाची तळलेली लसूण बोटानं शोधत म्हणाली:

‘ती मागं बघती. तीनदा.
तसं बघायचं नसतंय, मालू.
बघितलं की पोर पळत येतंय.’

मी कठड्याचा दगड बघत राहिले.

‘दीड वर्साचा हुता.
थोरलीचे तीन गेले, वळीनं.
चवथ्या बारीला तिनं बोलायचंच सोडलं.
जतला गेले, तिच्या मांडीवर ठेवला,
आणि येष्टीत बसले,
खिडकी सोडून, आतल्या सीटवर.
हितनं नेलेला भडंगाचा पुडा द्यायचा राहिला हुता.
मिरज येईपत्तोर खात आले.
तोंड भरल्यालं असलं की
हाक मारता येत न्हाई.’

एक ट्रक गेला. पूल हलला थोडा.

‘आता येतोय की ईदला. उंच झालाय.
खाला म्हणतोय मला.’
आणि हसली,
खरंच हसली,
थोरली बोलायला लागली ते सांगताना तर जास्तच:
आता गप बस म्हटलं तरी बसत न्हाई, म्हणाली.

मला काहीतरी बोलायचं होतं.
पडद्यावरच्या बाईसाठी एवढं पाणी काढलं,
आता थेंब येईना.
तिनं रिकामा कागद नीट घडी घालून
कमरेला खोचला
आणि बाकीच्यांना गाठायला भरभर चालू लागली.
पुलाच्या टोकापर्यंत मी तिची पाठ बघत होते.

सोमवारी समोरासमोर बसलो.
हळकुंड एकीकडं, गड्डे एकीकडं,
तिचा हात एकदाही चुकला नाही.
माझ्या पापण्या अजून पिवळ्या होत्या.
काट्यावरच्या आक्कानं विचारलं,
कसं होतं गं पिक्चर?

बरं होतं, जैतून म्हणाली.
शेवटाला जरा लांबलं.