थ्रॉसगिलचा कोंडवाडा

थ्रॉसगिलला पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला.
वळणावरच्या मैलाच्या दगडावर आकडा आहे, गाव नाही.
छिन्नीने खरवडलंय.
युद्धात, शत्रूने वाट चुकावी म्हणून,
डोरीन आयर्टनच्या वडिलांनीच, एका रविवारी,
प्रार्थना बुडवून.
शत्रू आलाच नाही.
चुकले ते पोस्टमन, सुईण, एकदा एक नवरदेव,
आणि आज मी,
गुरांची डॉक्टर, गाडीत सुयांचा डबा घेऊन.

घरं अकरा. धूर तिघांचा.
चॅपलमध्ये लोकर भरलेली.
ओढ्यावर एकाच फरशीचा पूल, एका माणसाच्या रुंदीचा,
म्हणून इथली शवपेटी दोघांनीच उचलायची
आणि जाड माणसाने हिवाळ्यात मरू नये, असा संकेत.
गावाच्या तोंडाशी गोल दगडी भिंत, छातीइतकी,
दार एक, आत कमरेइतकं रान.
"पिनफोल्ड," डोरीन म्हणाली, आणि समजावू लागली:
चुकार जनावर, रात्रीला एक पेनी, धनी येईपर्यंत...
म्हटलं, कळलं. कोंडवाडा.
तिने शब्द तोंडात घोळवून पाहिला.
ड दोनदा अडकला.

मंगळवारी टोचलं.
आयझॅक थ्वेटच्या एकोणतीस गाई,
मानेवर दोन-दोन टोचण्या.
तो ओठांत मोजत होता,
यान, टान, टेथरा, मेथरा, पिप...
कुठली भाषा?
"मेंढ्यांची. ज्यांची होती ते कधीच गेले. आकडे राहिले."
मला तासगावच्या शाळेमागचं मैदान आठवलं,
विटी, दांडू, वकट, लेंड, मूंड, नाल,
हे ज्या भाषेतलं, ती आमच्या गल्लीत कुणालाच येत नव्हती.
मोजायचं मात्र त्यातच.
सात गाई मी त्याला माझ्या आकड्यांत मोजून दिल्या.
आठवीपाशी दोघंही इंग्रजीत आलो.

शुक्रवारी वाचायचं, कातडी चिमटीत धरून.
अठ्ठावीस गुळगुळीत.
एकोणतिसावी, तपकिरी, नाव मॉडी,
खालची गाठ सुपारीएवढी.
मी पुन्हा धरली. मग पुन्हा.
आयझॅक आभाळाकडे बघत म्हणाला, पाऊस येईल.
येणार नव्हता.

तिला वेगळं ठेवायचं, न्यायला गाडी सोमवारी.
पण गोठा एकच उरलेला.
बाकीचे शहरातल्यांनी घेतले, आत आता सोफे.
तेव्हा आयझॅकने विळा काढला
आणि कोंडवाड्यातलं रान कापत राहिला,
दुपारभर, न बोलता.
मॉडी आत गेली ती
जागा राखून ठेवल्यासारखी.

डोरीनने बिस्किटांच्या डब्यातून वही काढली.
शेवटची नोंद अठ्ठावन्न सालची:
एक गाढव. धनी आला नाही.
त्याखाली तिने आजची तारीख घातली.
एक गाय. धनी...
आणि पेन थांबलं.
आयझॅक भिंतीबाहेर, दोन्ही कोपरं दगडावर टेकून.
"मी आहे की," म्हणाला,
आणि खिशात पेनी शोधू लागला.

माझ्याही फॉर्मवर रकाना होता: ठिकाण.
गावाचं नाव लिहिलं, ठळक, स्पेलिंग तपासून.
सोमवारची गाडी वाट चुकणार नाही.

परतताना वळणावर थांबले.
दगडावरचे छिन्नीचे घाव मोजू लागले.
झकूपर्यंत आले,
पुढचं येत नव्हतं.