मनगटावर

दोंडाईच्याला मे महिन्यात लाईट गेली
की ब्लीच डबीतच फसफसतं.
म्हणून त्या दुपारी पार्लरचं शटर ओढलं
आणि भाचीला, दीपमालाला, घेऊन टॉकीजला गेले.
सिनेमा कुठला, बघितलंही नाही.
तिथे जनरेटर होता, तेवढं पुरे.

उडणाऱ्या माणसांचा, परदेशी, हिंदीत बोलणारा.
मी चपला काढून पाय वर घेतले,
डोळा लागणार,
तेवढ्यात ती आली.

काळी.
सावळी, निमगोरी, गव्हाळ,
स्थळाच्या कागदावर लिहितात तसलं काही नव्हे.
काळी, नांगरटीनंतर तापीकाठचं रान दिसतं तशी.
डोक्याचा गोटा, हातात भाला,
आणि चाल अशी, की रस्ता तिच्याच नावावर असावा.

पुढून एक पोरगा ओरडला,
"तवा आला रे, तवा!"
सगळे हसले. मीही हसले असेन,
सवय आहे.

मग तिने भाला फेकला.
पोरगा नंतर काही बोलला नाही,
शेंगा मात्र फोडत राहिला अंधारात.

भाला कुठे लागला ते मला आठवत नाही.
वीस वर्षं चेहरे हाताळलेत मी,
मी बघत होते तिच्या गालाचं हाड.
कुणीतरी दिवा घेऊन फिरलं असणार तिच्याभोवती,
तासभर, दोन तास,
इथे धर, जरा खाली घे, आता थोडा निळा,
काळ्यातला तांबूस वर येईपर्यंत,
लोखंडी कढईला तेल पुसल्यावर येतो तसा.
एवढा वेळ!
एका काळ्या गालासाठी!

आमचा मंगलदास फोटोवाला
हळदीलाच असा फोकस मारतो
की नवरी पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी.
माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये
कुणी भलतीच बाई बसलीय.
दागिने माझे आहेत.

पुढे सिनेमा नेहमीसारखाच.
सिंहासन दुसऱ्याचं, ती शेजारी उभी.
तिची बहीण मेली, नायकाला रडता यावं म्हणून.
तो शेवटी आभाळातून उतरला,
एक ठोसा मारला,
आणि टॉकीज डोक्यावर घेतली लोकांनी.
"मावशी," दीपमाला कानाशी लागली,
"इतलं सारं तीच लढनी,
मंग टाया त्याले काब?"
मी म्हटलं, चूप ऱ्हाय, पाटी वाचू दे.
पाटीवरची नावं मला वाचता येत नव्हती.

दोन दिवसांनी शिंदखेड्याची नवरी आली, कोकिळा.
आई सोबत.
"चार शेड वर न्या, ताई. फोटो राहतात जन्मभर."
कोकिळा मिरचीच्या बाजारात तोलाईला असते,
चाळीस किलोचं पोतं एकटी पाठीवर घेते.
"हे तिकडे बोलू नका," आई हळूच म्हणाली,
आणि तिच्या खांद्यावरचा वळ पदराने झाकला.

मी पेटी उघडली.
तीन डब्या. हस्तिदंती, दुधी, गुलाबी.
चौथी धुळ्याचा होलसेलवाला ठेवतच नाही,
खपत नाही म्हणतो.

डबी हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे.
मग डोळ्यांचा तपकिरी रंग काढला,
काजळाचा कण,
कपाळावरचं जुनं कुंकू चिमूटभर,
आणि माझ्याच मनगटावर घोटत बसले,
रंग मनगटात दिसेनासा होईपर्यंत.

दीपमालाने कोपऱ्यातला टेबल-लॅम्प उचलला,
कुणी न सांगता,
आणि वायर सांभाळत
नवरीभोवती हळूहळू फिरायला लागली.
"जरा खाली," मी म्हटलं.
"अजून. थांब. तठेच धर."

कोकिळा आरशाजवळ सरकली.
मग आणखी जवळ, श्वासाने काच धुरकटली.
तिने ती तळहाताने पुसली.

आई म्हणाली, "पण काहीच तर लावलं नाही!"

पैसे मी पूर्ण घेतले.